पस्तिसाच्या पुढचं कापरं

आमच्या गाडीला पस्तीस मैलांच्या पुढे कापरं भरायचं. तीस-बत्तीसपर्यंत ती शहाण्यासारखी चालायची. काटा पस्तिसाला टेकला, की आधी स्टिअरिंगमध्ये गुदगुल्या केल्यासारखं व्हायचं, मग समोरचा आरसा थरथरायचा, मग दारांच्या काचा, आणि मागे कुणी बसलं असेल तर त्याचे दात. वेग कमी केला की सगळं शांत. चाळिसाच्या पुढे न्यायची हिंमत घरात कुणाचीच झाली नव्हती.

गाडी विलायती होती, स्वातंत्र्याच्या आधीची. आमच्या दिग्रसमधल्या कापसाच्या एका जिनिंगचे मॅनेजर गाव सोडून गेले तेव्हा माझ्या वडिलांनी ती घेतली. वडील वकील. आज दारव्ह्याचं कोर्ट, उद्या पुसद, परवा यवतमाळ, असा त्यांचा फिरता धंदा. आधी आमच्याकडे टपाची दमणी होती आणि तिला पांढऱ्या बैलांची जोडी. गाडी आली आणि बैल विकले गेले. पन्नाशी कधीच मागे टाकलेले वडील त्या वयात मोटार हाकायला शिकले. शिंगं मोडून वासरांत शिरले, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि वडील ते ऐकून खूश व्हायचे.

ही गोष्ट महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षातली. मी बी.एस्सी. होऊन गावातल्या हायस्कुलात सायन्स शिकवत होते. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, आणि माझ्या नाकावर बसलेला राग पाहता ते चालूच राहणार, याबद्दल घरात दुमत नव्हतं. गाडी चालवायला वडिलांनीच मला शिकवलं होतं, हंगाम संपल्यावर कापूस बाजाराच्या रिकाम्या मैदानात. ब्रेक दाबायच्या ऐवजी मी एकदा ओरडले होते, "थांब गं!" वडील ती गोष्ट कोर्टातल्या सगळ्या वकिलांना सांगून आले.

घरात आम्ही तिघं, आणि चौथे नायक. ते जवळच्या बंजारा तांड्यावरचे म्हातारे गृहस्थ. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरले होते. हे स्वतः जिनिंगच्या बंड्या, म्हणजे मालाच्या बैलगाड्या, हाकून मग आमची दमणी हाकायला धुरकरी म्हणून आले. तांड्याचा खरा नायक, म्हणजे मुख्य, दुसराच होता. पण वडील यांना गमतीनं नायक म्हणायला लागले, मग गावही म्हणायला लागलं, त्यामुळे तो खरा नायक आमच्या घरावर कायम फुगलेला असायचा. बैल गेल्यावर हे तांड्यावरच्या आपल्या शेतात परत जातील असं वाटलं होतं. गेले नाहीत. गाडी त्यांना चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती, पण रोज सकाळी येऊन ते तिला धुवायचे, पुसायचे, चाकांत हवा भरायचे. गाडी प्रवासाहून आली की तिच्याभोवती एक फेरी मारायचे आणि चारही चाकांच्या मधोमध तळहात ठेवून बघायचे. बैलांची नजर उतरवावी तसं काहीतरी असेल, असं मला वाटायचं.

तर त्या उन्हाळ्यात, एका संध्याकाळी वडील दारव्ह्याहून आले, हातपाय धुऊन झोपाळ्यावर बसले आणि आईनं चहा दिला. कप बशीवर किणकिणत होता. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"अवो, गाडी हालते ते ठीक हाय," ती म्हणाली. "पण आता तं तुम्ही घरात बसले ना? मंग कप काहून हालून राह्यला?"

वडिलांनी कप खाली ठेवला. "दोन घंटे ते स्टिअरिंग धरून पाह्य तू. पिठाच्या गिरणीत उभं राह्यलं का घरी येईपर्यंत पायात घरघर राह्यते का नाई? तसं हाय ते."

"अन् सकायी उठल्यावर?"

वडिलांनी पायानं झोपाळ्याला रेटा दिला. म्हणजे सकाळीही हात हलत होता आणि ते त्या दोघांनाही माहीत होतं. मला नव्हतं. मग त्यांनी वकिली थाटात निकाल दिला, "चाक दुरुस्त करून घेऊ. रोजची ती थरथर बंद झाली का हातबी बंद होईन. अन् चाक सरळ झाल्यावर हात हालला, तं चाबी या पोरीच्या हातात. मंग मी त्या जागेवर बसणार नाई. झालं समाधान?"

"झालं," आई म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

मी पूर्णपणे वडिलांच्या बाजूची होते. त्यांचं गिरणीचं म्हणणं मला शास्त्राला धरून वाटलं, कारण मला ते तसं वाटायला हवं होतं. वडिलांना गाडीशिवाय मी बघू शकत नव्हते. दारव्ह्याच्या रस्त्यावर ते एकटे असले की समोरच्या काचेला उद्देशून मोठमोठ्यानं युक्तिवाद करायचे. समोरच्या पक्षाचा वकीलही तेच, न्यायाधीशही तेच. अर्धे खटले मी गाडीतच जिंकतो, असं म्हणायचे. एकदा गाडी बिघडली म्हणून एस.टी.नं जावं लागलं, तेव्हा कोर्टात त्यांना धड बोलताही आलं नव्हतं. हा माणूस खिडकीशेजारी पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसलाय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की मी हातातलं काम टाकून गाडीकडे जायची.

म्हणून मी त्या चाकाच्या मागेच लागले. पहिल्यांदा स्वतः गाडी काढली आणि पुसदच्या रस्त्याला पस्तीसवर नेली. माझ्याही हातात स्टिअरिंग थरथरलं. मी घरी येऊन आईला विजयी मुद्रेनं सांगितलं, "माझ्याही हातात हलते. गाडीचाच दोष आहे." आई तुरीची डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू त्याइचीच पोरगी होय."

मग टायर. पुढचे मागे, मागचे पुढे, असं आलटून पालटून बघितलं. काही फरक नाही. पाऊस सुरू झाल्यावर घाटंजीकडच्या एका खेड्यात वडिलांना जावं लागलं आणि गाडी चाकांच्या आतल्या बाजूला काळी माती थापून आली. ती माती वाळली की दगड होते. एका बाजूला वजन वाढलं तर चाक हलणारच, म्हणून मला वाटलं, सापडलं! विळ्यानं खरवडून ती सगळी काढली, हाताला फोड आणले. गाडी पस्तिसाला पुन्हा थरथरली. विचार केल्यावर कळलं की थरथर उन्हाळ्यापासूनची आणि माती आषाढातली. नववीतल्या मुलीनं असा युक्तिवाद केला असता तर मी तिला बाकावर उभं केलं असतं.

शेवटी यवतमाळचा मिस्त्री गाठला. त्यानं जॅक लावून उजवं पुढचं चाक उचललं, टायर वरून आणि खालून धरून पुढे-मागे हिसडलं. आतून खट्‌खट् असा आवाज आला. "सुना?" तो म्हणाला. "चाक ढिलं हाय." डावंही तसंच निघालं. चाकाच्या मधली पत्र्याची टोपी काढली की आत मोठा नट असतो. त्याच्या मागच्या बेरिंगवर चाक फिरतं. नट आपोआप फिरू नये म्हणून त्यातून एक पिन आरपार घातलेली असते. मिस्त्रीनं पिना काढल्या, दोन्ही नट पाना लावून आवळले, पिना परत घातल्या. "आता पाहा, मक्खन!"

खरंच मक्खन. येताना आम्ही चाळीसवर होतो आणि आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता. वडील गायला लागले. त्यांचा आवाज फार वाईट होता, पण त्या दिवशी मी काही बोलले नाही. घरी आल्यावर त्यांनी आईला गाडीत बसवून गावाबाहेर फिरवून आणलं. आई उतरताना म्हणाली, "बरी चालते." एवढं म्हणणं म्हणजे तिच्याकडून सत्कारच होता.

आठवडा झाला नाही तर कापरं पुन्हा हजर.

आम्ही परत यवतमाळला गेलो. मिस्त्रीनं खट्‌खट् ऐकलं, कपाळाला हात लावला, जास्त जोर लावून आवळलं. चार दिवस सुखाचे, मग पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यानं बेरिंगच नवं घातलं आणि लांब पाना घेऊन, दात-ओठ खाऊन नट बसवला. तेही टिकलं नाही. चौथ्यांदा मी त्याला असं काही बोलले, की शेजारच्या दुकानातले लोक बाहेर आले. मिस्त्रीही पेटला. "बाईसाहेब, पिन घातलेला नट आपोआप मागं येत नाई! तुमच्या दिग्रसच्या पाण्यातच काही गडबड हाय!"

या सगळ्या धावपळीत वडिलांच्या हाताकडे बघणं आम्ही सोडून दिलं होतं. कप किणकिणला की मीच घाईनं म्हणायची, "चाक अजून झालं नाही ना!" आई बशी उचलायची. वडील मात्र अधूनमधून विचारायचे, "काय वं, कधी होईन ते चाक?" विचारताना ते हात मांडीखाली घालून बसलेले असायचे. ते चाक दुरुस्त व्हावं असं आमच्यापैकी सगळ्यांत जास्त त्यांनाच वाटत होतं.

श्रावण संपत आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून दुखावलेल्या खांद्याला पळसाच्या पानानं लोणी आणि हळद लावायची, आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. बैल विकल्यापासून आमच्या घरी हे बंद होतं. मी शाळेतून आले तर अंगणात गाडी उभी, पुढची बाजू जॅकवर उचललेली, आणि उजव्या चाकासमोर नायक बसलेले. आंघोळ केलेली, धुतलेलं धोतर, डोक्याला लाल पागोटं. शेजारी पितळेच्या ताटात हळद, लोणी आणि चाकांच्या दोन टोप्या. ते पळसाच्या पानानं चाकाच्या मध्याला लोणी लावत होते आणि बैलांना म्हणायचे तेच हळू आवाजात म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आई दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. मलाही हसू आलं. तेवढ्यात नायकांनी पान बाजूला ठेवलं, पिन काढली, नटाला पाना लावला आणि तो चांगला मागे फिरवला. मग टायर दोन्ही हातांनी धरून हिसडलं. खट्‌खट्. त्यांनी समाधानानं मान हलवली.

माझं हसू जागच्या जागी विरलं. "हे काय करून राह्यले तुम्ही?"

"खांदा मोकया करून राह्यलो, बाई."

"आणि आधी? दर वेळी?"

"दर येळी," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही यवतमाळवरून आले का म्या हात ठेवून पाह्यतो. ठेववत नाई, इतकं तपते. तो मिस्त्री लय आवळते. बंडीचं चाक असं आवळलं, तं बैलाचा खांदा सुजून येते. चाकाले ढील पाह्यजे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळा पावसाळा मी यवतमाळच्या वाऱ्या केल्या होत्या, परक्या माणसाशी भर रस्त्यात भांडले होते, आणि इथे घरच्या अंगणात प्रेमानं चाक सैल केलं जात होतं! मी तिथेच उभी राहून तास घेतला. बंडीचं चाक लाकडाच्या आसावर फिरतं, याला आत पोलादी गोळ्या असतात. बंडी माणसाच्या चालीनं जाते, ही चाळीस मैलांनी. ढील दिली तर चाक डुलतं आणि ते डुलणं वडिलांच्या हातापर्यंत पोचतं. नायक लोण्याचा हात वर धरून सगळं ऐकत होते. लपवावं असं आपण काही केलं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मंग तपते काहून?"

आई म्हणाली, "हो, ते सांग."

पोळा पार पडला. पुढच्या रविवारी मी नट मिस्त्रीसारखा घट्ट आवळला, गाडी थोडी लांब फिरवून आणली आणि चाकाच्या मध्यावर हात ठेवला. चटका बसला. म्हणजे नायकांचा हात खोटं बोलत नव्हता. मी प्रत्येक वेळी यवतमाळला जाऊन तावातावानं तक्रार करायची, म्हणून मिस्त्री प्रत्येक वेळी जास्त आवळायचा. तो जास्त आवळायचा, म्हणून नायक जास्त सोडायचे. दोघांनाही गाडीची काळजी होती आणि मधल्या मध्ये ती बिचारी थरथरत होती.

त्या दुपारी नायक आणि मी दोघं चाकाशी बसलो. चाक जड होईपर्यंत आवळायचं, मग अगदी जरासं मागे घ्यायचं, पिनेचं भोक जुळवायचं. मी गाडी फिरवून आणायची, ते तळहात ठेवायचे. मग मी टायर हिसडायची आणि दोघं कान देऊन ऐकायचो. कधी तपायचं, कधी खट् व्हायचं. नायकांना घाई नव्हती आणि मला माझीच लाज वाटून घाई करता येत नव्हती. ऊन उतरता उतरता एकदाची ती जागा सापडली. चाक गार होतं आणि आवाजही नव्हता. डाव्या चाकाचंही तसंच केलं. "आता खुश हाय," नायक म्हणाले आणि गाडीच्या मडगार्डवर थाप मारली.

पंधरवडा आम्ही वाट पाहिली. कापरं परत आलं नाही. वडिलांनी त्या दिवसांत कोर्टाच्या दोन-तीन फेऱ्या केल्या, पण प्रत्येक वेळी कुणी ना कुणी पक्षकार शेजारी बसून बोलत असायचा, हाताकडे बघायला सवड नसायची. मग एका सकाळी ते मला म्हणाले, "चाल, पाहू तुझं चाक." मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले, नायक मागे.

दारव्ह्याच्या रस्त्याला दोन्हीकडे कपाशी कमरेएवढी आली होती. वडिलांनी वेग वाढवला. पस्तीस. आरसा स्थिर. चाळीस. काचा गप्प. मी पंचेचाळिसाचा काटा त्या गाडीत पहिल्यांदाच बघितला. माझा जीव भांड्यात पडला आणि मी हसत वडिलांकडे वळले.

तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. टक्‌टक्‌टक्‌टक्. अगदी बारीक. वडिलांच्या उजव्या हातात पोवळ्याची अंगठी होती आणि ती स्टिअरिंगच्या कडक कडेवर वाजत होती. स्टिअरिंग हलत नव्हतं. इतके महिने त्या थरथरीत हा आवाज बुडून गेला होता. गाडी शांत झाली आणि तो वर आला. मी समोर बघायला लागले. काहीतरी बोलावं, मोठ्यानं बोलावं, म्हणजे ऐकू येणार नाही, असं वाटलं, पण मी नुसतेच मैलाचे दगड मोजत राहिले. मागून नायकांनी पुढे वाकून कान दिला.

वडिलांनी वेग कमी केला आणि एका कडुनिंबाखाली गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. हात मांडीवर घेऊन ते थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले, जसा एखादा साक्षीदार ऐन वेळी फिरला तर बघत असतील. "चाक झालं ठीक," ते म्हणाले. "चांगलं काम केलं तुम्ही दोघाइनं." मग दार उघडून उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले. "सरक तिकडं. अन् वळवताना 'थांब गं' म्हणू नको तिले."

मी गाडी घरी आणली. रस्ता मला नीट दिसत नव्हता. वडील मात्र वाटभर माझ्या चुका काढत होते, हॉर्न कुठे द्यायचा, बैलगाडीला बाजू कशी द्यायची. आईनं दारातून मला उजव्या बाजूनं उतरताना पाहिलं आणि तिला कळलं. 'मी म्हटलं नव्हतं का' असं ती तेव्हा बोलली नाही आणि पुढे कधीच बोलली नाही. त्या संध्याकाळपासून ती वडिलांचा कप अर्धाच भरायला लागली, आणि तो संपला की न विचारता उरलेला अर्धा आणून द्यायची.

दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. शाळेआधी मी वडिलांना दारव्ह्याला सोडणार होते. ते आत काळा कोट चढवत होते. बटणांना हल्ली वेळ लागायचा. नायक उजव्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसून मधली टोपी फडक्यानं पुसत होते. ती लखलखीत झाली होती तरी पुसत होते.

"बाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "देऊ का थोडी ढील? पह्यल्यासारखी?"

मी नाही म्हणाले. पण ते म्हणायला मला इतका वेळ लागला, की तोवर वडील बाहेर येऊन डाव्या दाराशी उभे होते.